पिस्टन फर्स्ट स्टेजचे सील घरी बदलता येतात का?

बायणेकर

नमस्कार मंडळी. राहायला वास्कोत, हंगामात जमेल तसा ग्रांद आयलंडला डाइव्हिंगला जातो. माझ्याकडे सेकंडहँड घेतलेला बॅलन्स्ड पिस्टनचा फर्स्ट स्टेज आहे, म्हणजे रेग्युलेटरचा टाकीवर बसणारा, तिचा दाब उतरवणारा भाग. मे महिन्यात सोबत्याने पाण्याखाली खुणेनं दाखवलं की तुझ्या मानेमागून बुडबुड्यांची माळ निघतेय. घरी येऊन टाकीला लावला आणि बादलीत बुडवला. स्प्रिंगच्या बाजूला अंगावर जी भोकं असतात, तिथून अगदी बारीक बुडबुडे येतात. पाण्याबाहेर काही ऐकू येत नाही. श्वास झकास मिळतो.

आता बोटी बंद, ऑक्टोबरपर्यंत हातात वेळच वेळ. बाहेरगावी सर्व्हिसिंगला पाठवायचा तर कुरिअर, वाट बघणं आणि वर बिल. दोन ओ-रिंगांचं, म्हणजे गोल रबरी सीलचं काम आहे असं वाचलंय. हातात पाने-पकडी धरायची सवय आहे, स्कूटरचा कार्ब्युरेटर स्वतः उघडतो. ओ-रिंग उचकटायला दाताच्या डॉक्टरकडची जुनी स्टीलची सळई मिळाली आहे. करू का?

दर्यावर्दी

नका करू. श्वास घ्यायचं यंत्र आहे ते, कार्ब्युरेटर नव्हे. स्कूटर बंद पडली तर ढकलत नेता येते.

खाजणातला_खेकडा

वाचतोय. माझ्याकडचाही तसाच फुसफुसतो.

पंधरा_मीटर

दर्यावर्दी, एवढं घाबरवू नका हो. ग्रांदला खोली किती? सूझीज रेकला जा नाहीतर डेव्ही जोन्स लॉकरला, पंधराच्या आसपास. तिथून वर यायला कितीसा वेळ लागतो!

दर्यावर्दी

हाच समज वाईट. दहा मीटरवर दाब दोन बार, पृष्ठभागावर एक. म्हणजे शेवटच्या दहा मीटरांत छातीतली हवा दुप्पट फुगते. तीस मीटरवरून वीसवर येताना ती चारास तीन या प्रमाणातच फुगते. गडबडून श्वास रोखून वर झेपावणाऱ्याचं फुप्फुस उथळ पाण्यातच फाटतं. उथळ म्हणजे सुरक्षित, हे डोक्यातून काढा.

पंधरा_मीटर

मान्य. पण तो श्वास रोखण्याचा धोका झाला, ओ-रिंगचा नव्हे.

वेर्ण्याचा_फिटर

मी डाइव्हर नाही. वेर्ण्याला हायड्रॉलिक्समध्ये आयुष्य गेलं, सील हाच धंदा. मेव्हणा डाइव्ह करतो म्हणून त्याचा फर्स्ट स्टेज उघडलेला बघितलाय. सीलच्या बाजूनं थोडं बोलतो.

बॅलन्स्ड पिस्टनमध्ये हलणाऱ्या भागावर दोनच ओ-रिंग असतात. एक मोठी, पिस्टनच्या डोक्यावर. दुसरी छोटी, पोकळ दांड्याभोवती, आणि ती पिस्टनवर नसते, बॉडीच्या आतल्या खाचेत बसलेली असते. डोक्यावरच्या मोठीला फक्त मधला, म्हणजे टाकीतून उतरवलेला दाब सोसायचा असतो, आजूबाजूच्या पाण्यापेक्षा नऊ-दहा बार जास्त. आमच्या धंद्यात याला दाब म्हणतच नाहीत. दांड्यावरची छोटी मात्र एका बाजूनं टाकीचा पूर्ण दाब, म्हणजे भरलेल्या टाकीला २०० बार, आणि दुसऱ्या बाजूनं समुद्राचं पाणी अशी अडकलेली असते. वर दर श्वासाला पिस्टन हलणार. दाब, घासणं आणि मीठ तिन्ही एकाच जागी.

म्हणून ती छोटी रिंग नेहमीच्या ७० ड्युरोमीटरची (रबराच्या कडकपणाचं माप) चालत नाही, ९० ची कडक लागते. मऊ रिंग एवढ्या दाबाखाली दांडा आणि भोक यांच्यामधल्या फटीत पिळून निघते आणि तिची कड कुरतडली जाते. बाजारात माप जुळलं म्हणून कुठलीही काळी रिंग उचलू नका. काळा रंग सगळ्यांचाच असतो.

आणि भाऊ, ती दाताच्या डॉक्टरची सळई आधी खिडकीतून बाहेर फेका.

बायणेकर

का? बरीच बारीक आहे, खाचेत छान जाते.

वेर्ण्याचा_फिटर

जाते म्हणूनच. बॉडी पितळेची, वर क्रोम. सळई कडक स्टीलची. खाचेच्या तळावर एक ओरखडा उमटला की २०० बारची हवा त्याच ओरखड्यातून रिंगच्या खालून निघून जाईल. मग नवी रिंग घाला, दहा रिंगा घाला, गळती तशीच. रिंग चार आण्याची, बॉडी फुकट जाते. पितळेची किंवा प्लास्टिकची सळई घ्या. पितळी वेल्डिंग रॉडचं टोक घासून, पॉलिश करून वाकवलं तरी उत्तम काम होतं.

म्हापशेकर

अवांतर: म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात पितळी सळया मिळतात काय बघा. तिथं काय मिळत नाही ते सांगा.

निवृत्त_टेक्निशियन

उशिरा बघितला धागा. वर बरंच बरोबर लिहिलंय, थोडी भर घालतो. थोडी म्हणता म्हणता लांबलं तर सांभाळून घ्या.

बायणेकर, बुडबुडे भोकांतून येतात म्हणजे हवा स्प्रिंगच्या कप्प्यात शिरतेय. या कप्प्यात समुद्राचं पाणी मुद्दामच खेळतं ठेवलेलं असतं, त्याशिवाय पिस्टनला खोलीचा दाब कळणार नाही. तिथं हवा शिरायला दोनच वाटा, दांड्याची रिंग नाहीतर डोक्याची. बहुतेक वेळा दांड्याची असते. कुठली हे शोधत बसू नका. एवढं उघडायचंच तर दोन्ही बदलायच्या. सीट, म्हणजे आत हवा अडवणारी गादी, तीही बदलायची, आणि टाकीकडून हवा आत येते तिथला फिल्टरही. अर्धी सर्व्हिस हा प्रकार मला कधी पटला नाही.

आता ती रिंग का गेली, हे बघा. गोव्यात पाणी २६ ते २९ अंश. थंड पाण्यातले लोक ज्या बर्फ धरण्याच्या भीतीनं स्प्रिंगचा कप्पा ग्रीसनं भरून टाकतात, ती भीती आपल्याला नाही, तेव्हा कप्पा भरायच्या भानगडीत पडू नका. आपला शत्रू मीठ. डाइव्ह झाली, बोटीवर उन्हात पडला, घरी नळाखाली दोन मिनिटं धरला आणि झालं, असं बहुतेक जण करतात. भोकांच्या आतलं खारं पाणी सुकतं, दांड्यावर स्फटिक धरतात आणि पुढच्या डाइव्हला दांडा ते स्फटिक घेऊन रिंगमधून मागंपुढं होतो. पॉलिश पेपरनं घासल्यासारखंच. निम्म्याहून जास्त गळत्या इथून सुरू होतात, असं माझं मत. टाकीला लावून, दाब असताना, कोमट गोड्या पाण्यात निवांत भिजत ठेवायचा. दाब नसताना भिजवलात तर पर्ज बटण (तोंडात धरायच्या भागावरचं, हवा सोडायचं) दाबू नका, पाणी होजमधून उलटं फर्स्ट स्टेजमध्ये उतरतं.

उघडण्याआधी फिल्टर बघा. तो तुम्हाला टाकीची जन्मकुंडली सांगतो. हिरवट झाला असेल तर ओल आत गेली आहे, पितळ गंजतंय. विटकरी तांबूस असेल तर स्टीलच्या टाकीत गंज. काळपट असेल तर टाकी भरणाऱ्या कॉम्प्रेसरकडे संशयानं बघा. पावसाळी हवेत कॉम्प्रेसरचा फिल्टर वेळेवर बदलला नाही तर ओल टाकीत जातेच, आणि आपल्याकडे हवा वर्षातले किती महिने कोरडी असते? असा रंग दिसला तर नुसत्या ओ-रिंगा बदलून काही साधणार नाही.

उघडताना बॉडी व्हाइसच्या जबड्यात धरू नका. पोर्टमध्ये, म्हणजे होज लागते त्या भोकात, बसणारी मूठ मिळते, ती स्क्रू करायची आणि ती धरायची. खारानं जाम झाला असेल तर कोमट पाण्यात भिजवून वाट बघा. फवाऱ्याचं तेल मारायचं नाही, कुठलंच. खनिज तेल ईपीडीएम रबराच्या रिंगांना फुगवून टाकतं आणि जास्त दाबाच्या हवेत तेल हा आगीचाही विषय आहे.

सुटे भाग व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मंनिम्मं करून त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवले की हिरवं-पांढरं सुटतं. रात्रभर ठेवायचे नाहीत, क्रोम आधीच सुटत असेल तर पापुद्रे निघतील. ॲनोडाइज केलेला ॲल्युमिनियमचा भाग असेल तर तो त्यात टाकूच नका. मग भरपूर गोडं पाणी, मग पूर्ण वाळवणं.

आणि आता खरी गोष्ट. पोकळ दांड्याच्या टोकाला धार असते, ती सीटवर टेकते आणि हवा बंद होते. सगळा रेग्युलेटर त्या धारेवर उभा आहे. पिस्टन टेबलावर टोक खाली करून ठेवला, डब्यात दुसऱ्या भागावर आपटला, की धारेला बारीकसा खड्डा पडतो. डोळ्याला दिसत नाही. सोनाराकडचं दहा पटीचं भिंग लावून, उजेड तिरपा पाडून फिरवत बघायचं. खड्डा असेल तर नवी सीट घालूनही दाब चढत राहील. त्याला इलाज म्हणजे नवा पिस्टन. घरी कानशीनं घासायची कल्पना कोणाला सुचली असेल तर कृपया ती इथं लिहू नका.

पंधरा_मीटर

मला सुचली होती. लिहीत नाही.

निवृत्त_टेक्निशियन

शाबास.

पुढे. छोटी रिंग बॉडीत बसवताना ती बोटानं दुमडून भोकातून आत सारावी लागते आणि मग पितळी सळईनं खाचेत सगळीकडून दाबायची. टॉर्च मारून पूर्ण गोल नीट बसलाय ना बघा. कुठं उंचवटा दिसला तर पिस्टन तिथूनच तिला कापणार. काही मॉडेलांत रिंगच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकचे बुश असतात. त्यांचा क्रम काढतानाच फोटोत टिपून ठेवा.

मग तोच धारेचा दांडा त्या नव्या रिंगमधून आरपार न्यायचा. उघड्या धारेनं नेलात तर नवी रिंग पहिल्याच मिनिटाला चिरली जाते आणि तुम्हाला पत्ता लागत नाही. म्हणून टोकावर बुलेट बसवतात, प्लास्टिकची गुळगुळीत टोपी. ती मॉडेलच्या मापाची हवी. बुलेट नसेल तर थांबा. मॉडेलप्रमाणे शिम (पातळ चकती) आणि स्प्रिंग आधी पिस्टनवर चढवायची, दांड्याला पातळ थर लावायचा आणि सरळ दाबायचं. तिरकं नाही, फिरवत नाही. आत गेला की पलीकडून बुलेट काढायची, मग सीट.

ग्रीस कुठलं हे पुढचा माणूस विचारणारच. साधी हवा असेल तर बऱ्याच जुन्या मॅन्युअलांत सिलिकॉन ग्रीसच आहे. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, वापरत असाल तर ऑक्सिजनला चालणारं, क्रिस्टोल्यूब किंवा ट्रायबोल्यूबच्या जातीचं घ्या. ४० टक्क्यांच्या वर ऑक्सिजन असेल तर स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे काम करूच नका, तिथं सगळी स्वच्छताच वेगळी लागते. कुठलंही असो, रिंग चकाकेल इतकंच. थापलेलं ग्रीस वाळू धरतं.

खाजणातला_खेकडा

वाचखूण साठवली. दादा, एवढं सगळं करून झालं, बादलीत बुडबुडे आले नाहीत, म्हणजे जमलं?

निवृत्त_टेक्निशियन

नाही. हेच सांगायला मुळात लिहायला बसलो होतो.

बादली बाहेर निघणारी हवा दाखवते. सीट आणि धार यांच्यामधून सरकणारी हवा बाहेर येत नाही, ती आतल्या आत मधल्या दाबात भर घालते. ती फक्त गेजवर दिसते. मधल्या दाबाचा गेज, ज्याला सगळे आयपी गेज म्हणतात, तो लो प्रेशरच्या होजला लागतो. बीसीडीची, म्हणजे तरंगायच्या जॅकेटची होज असते ना, तीच. अवघड नाही, महागही नाही.

टाकी हळू उघडायची. काटा बहुतेक मॉडेलांना ९.३ ते १० बारच्या मध्ये, म्हणजे १३५ ते १४५ पीएसआयच्या घरात यायला हवा, तुमच्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा. पर्ज दाबा, काटा पडेल. सोडा, क्षणात परत येऊन जागेवर थांबला पाहिजे. नवी सीट पहिल्यांदा थोडी बसते, तेव्हा किंचित सरकून थांबला तर चालेल. पण पाच मिनिटं, दहा मिनिटं झाली तरी काटा मुंगीच्या पावलानं वर चढतच असेल तर ती सीट किंवा धार. भरपूर वेळा पर्ज करून परत बघा. मग जवळजवळ रिकाम्या टाकीवर, तीसेक बारवर, तेच करा. बॅलन्स्ड पिस्टनचा आकडा दोन्हीकडे जवळपास तोच राहायला हवा. अनबॅलन्स्ड असेल तर टाकी उतरेल तसा तो उतरतो, तो दोष नव्हे, त्याची बांधणीच तशी.

एक नियम मोडायचा नाही. सेकंड स्टेज, म्हणजे तोंडात धरायचा भाग, जोडल्याशिवाय फर्स्ट स्टेजला हवा द्यायची नाही. मधला दाब हाताबाहेर गेला तर सेकंड स्टेजचा व्हॉल्व्ह आपोआप ढकलला जाऊन हवा सोडून देतो. तो नसेल तर होज फुटेल किंवा गेज. आणि पहिल्यांदा टाकी उघडताना गेजच्या काचेसमोर तोंड नको.

तर बायणेकर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. आयपी गेज, बुलेट, पितळी सळई, तुमच्याच मॉडेलची सर्व्हिस मॅन्युअल आणि सुट्या भागांचा खात्रीचा किट, हे पाच हातात असतील तर करा. गेज नसेल तर उघडू नका. सील बदलणं हे काम नाहीच, बदललेलं बरोबर बसलंय हे मोजता येणं हे काम आहे.

दर्यावर्दी

तुम्ही म्हणताय म्हणून ऐकतो, पण मी अजूनही विरोधातच. किट कंपन्या सहसा अधिकृत डीलरलाच देतात, त्यालाही काही कारण असेल ना? वॉरंटीचं काय?

निवृत्त_टेक्निशियन

कारणं दोन असतात, एक जबाबदारीचं आणि एक गल्ल्याचं. कुठलं किती, ते तुम्ही ठरवा. वॉरंटी जाते, बरोबर. सेकंडहँड घेतलेल्या जुन्या तुकड्याला ती तशीही नसते.

तुमच्या विरोधाचा आदर आहे. एक भर मी घालतो: घरी उघडलेला रेग्युलेटर फक्त स्वतःच्या तोंडात. मित्राला नाही, पाहुण्याला नाही, भाड्यानं तर नाहीच. तुमच्या कामाची जोखीम दुसऱ्याला न विचारता द्यायची नसते.

मालवणी_बांगडा

आमच्याकडं मालवण-तारकर्लीच्या बाजूला सगळं भाड्याचंच चालतं, त्यामुळे हा शेवटचा परिच्छेद चौकटीत लावा असं म्हणतो.

एक विचारायचं होतं. कागदी पाकिटातल्या ओ-रिंगा दोन पावसाळे कपाटात होत्या, त्या वापराव्यात का?

वेर्ण्याचा_फिटर

कुठल्या मटेरियलच्या यावर आहे. नायट्राइल रबराच्या असतील तर त्यांना ओझोन आणि ऊन खातं. जवळ ठिणग्या पडणारी मोटर असेल तर थोडा ओझोन होतोच. रिंग बोटांवर ताणून भिंगातून बघा, आडव्या बारीक चिरा दिसल्या तर टाका. पॉलियुरेथेनच्या घासायला फार चिवट, दांड्यासाठी कित्येक जण त्याच पसंत करतात, पण काही जाती दमट उष्म्यात हळूहळू विरतात. चिकट किंवा मऊ लागली की संपली. हवाबंद पिशवीत, अंधारात ठेवा. कागदी पाकीट आपल्या हवेत म्हणजे ओल शोषायचा टीपकागद.

म्हापशेकर

मोटरचं म्हणाल तर फ्रिजच्या मोटरवर वस्तू ठेवायची सवय घरोघरी आहे. आमच्याकडे तिथं पापडाचा डबा असतो.

बायणेकर

सगळ्यांना देव बरें करूं. सळई खिडकीतून नाही, पण कचऱ्यात टाकली. मॅन्युअल मिळाली, मॉडेलच्या मापाचा बुलेट आणि गेज मागवलाय. तो येईपर्यंत उघडत नाही.

तोवर कोमट पाण्यात भिजवून बघितला. भोकांतून इतकं पांढरं निघालं की पाणी गढूळ झालं. फिल्टरच्या कडेला हिरवी छटा आहे, पूर्ण नाही. याचा अर्थ काय घ्यायचा?

निवृत्त_टेक्निशियन

कडेलाच असेल तर बहुतेक टाकीचा दोष नाही. धुताना डस्ट कॅप ओली होती किंवा सैल होती, पाणी तिथून आत गेलं. ती कॅप धुळीसाठी असते, पाण्यासाठी नव्हे. फिल्टर बदला, मागची बैठक भिंगानं बघा. तिथं पितळ खडबडीत झालं असेल तर फोटो इथं टाका.

सीट काढली की जुनी फेकू नका. तिच्यावर धारेनं पाडलेला गोल ठसा असतो. तो सगळीकडे सारखा आहे की एका बाजूला खोल, ते बघा. एका बाजूला खोल असेल तर पिस्टन तिरका चालतोय, आणि मग गळतीचं कारण ओ-रिंगपेक्षा वेगळंच निघेल.

खाजणातला_खेकडा

माझा अनबॅलन्स्ड आहे. त्यात दांड्याची ती छोटी रिंग असतेच का?

निवृत्त_टेक्निशियन

असते, पण तिच्यावर टाकीचा दाब नसतो. तिथं सीट पिस्टनमध्येच बसवलेली आणि धार बॉडीत असते, त्यामुळे दोन्ही रिंगांना मधलाच दाब सोसायचा. शिकायला तोच बरा. पण धार बॉडीत म्हणजे ती बिघडली तर काही मॉडेलांत अख्खी बॉडी बदलावी लागते, काहींत ती सुटी मिळते. आधी मॅन्युअल बघा, मग पाना उचला.

पंधरा_मीटर

बायणेकर, गेज आला की सांगा. मीही वास्कोतच आहे, बघायला येतो. हात लावणार नाही.

बायणेकर

या. चहा ठेवतो. सोनाराचं भिंग कोणाकडे असेल तर घेऊन या, आमच्या गल्लीतला सोनार द्यायला तयार नाही.